फिरतं दुखणं

९ सप्टेंबर

वन्सं,

नमस्कार मनातच धरा, कारण हे पत्र शिलाई मशिनच्या फळीवर ठेवून लिहितेय आणि शेजारी शाळेच्या गणवेशांचा ढीग आहे. फोन का केला नाही म्हणाल, तर फोन बैठकीत, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत तुमच्या मातोश्री. मी एक वाक्य बोलले की त्या मागून दोन जोडतात. तुम्हाला कळतच नाही की सासू बोलतेय की सून.

तक्रार तुमच्या लाडक्या भाचीची आहे. पायाला भिंगरी लागलेली म्हणून आपण तिला भिंगरी म्हणतो ना, ती भिंगरी आता नाटकात काम करायला लागलीय. सोमवारी उजवा गुडघा धरून बसली. बुधवारी गुडघा ठणठणीत, पण डावा घोटा दुखतोय. शुक्रवारी घोटा बरा आणि मनगट! मी म्हटलं, उद्या काय, शेंडी? सासूबाई तर स्पष्टच म्हणाल्या, "दुखणं काही या पायातून त्या पायात उड्या मारत नाही. ही शाळा चुकवायची सोंगं." त्यांचं नि माझं एखाद्या गोष्टीवर एकमत होण्याचा हा वर्षातला पहिलाच योग, म्हणून मी लगेच मान डोलावली.

शाळेत पाठवली. गेली, पण रडत गेली. एरवी ही पोर शाळा बुडवायचं नाव काढत नाही. वर्षभर एकही खाडा नसला की बिल्ला मिळतो, त्यासाठी गेल्या महिन्यात घसा सुजून थुंकी गिळवत नव्हती तरी आम्हाला पत्ता लागू दिला नाही. आता चौथीत आली तर ही थेरं. संध्याकाळी अंग जरा कोमट लागतं, ते रडण्यानेही असेल.

बाकी सगळं ठीक. तुमचे बंधुराज कामावर. सासूबाई मजेत, फक्त जिना चढून आल्या की बोलायला पाच मिनिटं लागतात. तेवढीच घराला शांतता. हल्ली तीन उशा लागतात त्यांना, राणीसारख्या टेकून झोपतात. वय झालं.

तुमच्याकडे सांध्यांना लावायचं एखादं चांगलं मलम असेल तर पाठवा. निदान पोरीला औषध केल्यासारखं तरी वाटेल.

तुमची भावजय


१३ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

मलम पाठवत नाही. पत्र वाचून झालं की मशिन बंद कर आणि भिंगरीला घेऊन मोठ्या इस्पितळात जा. आजच जा, गणवेश राहू देत.

घाबरवायचं म्हणून लिहीत नाही. तू ज्याला सोंग म्हणतेस ना, तीच त्या आजाराची खूण आहे. मुरगळलेला गुडघा आपल्या जागी दुखत राहतो. एक सांधा बरा होऊन दुसरा धरतो, सोबत ताप, आणि दोन-तीन आठवड्यांपूर्वी घसा सुजलेला, असं एकत्र दिसलं की आम्ही शाळेतल्या नर्सा ताडकन उठून उभ्या राहतो. संधिवाताचा ताप म्हणतात याला. घशात जंतू शिरतात, अंग त्यांच्याशी लढतं, आणि कधीकधी चोराला हाणता हाणता घरच्यांनाच काठी लागते. सांध्यांना लागली तर सांधे बरे होतात. हृदयाला लागली तर तिथल्या झडपा खराब होतात, आणि त्या आपोआप नीट होत नाहीत.

डॉक्टरांना तीन गोष्टी सांग: घसा कधी दुखला, दुखणं कसं फिरलं, ताप किती दिवस आहे. हृदय नीट ऐका असंही सांग. ते रागावले तर रागावू देत.

आणि एक. पोरीला "खरंच दुखतंय का?" असं विचारू नकोस. "आज कुठं दुखतंय?" असं विचार. माझ्या तिन्ही शाळांत मी हेच विचारते. पहिल्या प्रश्नाला मुलं गप्प बसतात, दुसऱ्याला बोट दाखवतात.

तुझी वन्सं


२४ सप्टेंबर

वन्सं,

तुमचंच खरं निघालं. आठ दिवस इस्पितळात काढून काल घरी आलो.

हृदयाचा विभाग तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टवर 'बंद आहे' अशी पाटी इतकी जुनी की तिचाच रंग उडालाय. पोरीला कडेवर घेऊन चढले. दहा वर्षांची पोर कडेवर! वर डॉक्टरीणबाईंनी नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग म्हणाल्या, आवाज येतोय. मग यंत्राने हृदयाचं चित्र काढलं. एक झडप नीट मिटत नाही, थोडं रक्त मागे गळतं. थोडंच आहे म्हणाल्या. पुन्हा असा ताप आला नाही तर कदाचित भरूनही येईल. पुन्हा आला तर मात्र झडप आणखी बिघडेल, आणि मग शस्त्रक्रियेच्या गोष्टी.

पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी कमरेत इंजेक्शन. कधीपर्यंत, तर ती एकवीस वर्षांची होईपर्यंत! मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. पहिलं काल दिलं. वन्सं, ते औषध आहे की घट्ट खळ? आत जाताना पोर अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला आले. कालपासून एका बाजूला कलून चालतेय, बसताना खुर्चीची कड धरते.

मी तिची माफी मागितली. म्हटलं, बाळा, मी तुला नाटकी म्हटलं. ती म्हणाली, "तू म्हटलंस तेव्हा मलाही वाटलं की मी नाटकच करतेय." 

सासूबाई रुसल्यात. कशावर ते कळत नाही. पोरीला काय झालंय ते सांगितलं तशा भिंतीकडे तोंड करून बसल्या, जेवल्या नाहीत. स्वतःचं 'सोंग' हे बोलणं चुकीचं ठरलं याचा राग असेल. चूक कबूल करणं त्यांच्या पत्रिकेतच नाही, तुम्ही लेक आहात, तुम्हाला काय सांगायचं.

तुमची भावजय


२ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

आता स्वतःला बोल लावत बसू नकोस. वेळेत नेलंस. माझ्याकडे अशा मुली येतात की ज्यांची झडप पंधराव्या वर्षी कळते, तीही धाप लागून पडल्यावर.

इंजेक्शनचं सांगते. औषध टोचण्याआधी बाटली हाताच्या मुठीत धरून कोमट करायला सांग. गार औषध जास्त दुखतं. जिथं टोचायचं तिथं अंगठ्याने जरा वेळ दाबून धरायचं, आणि औषध सावकाश सोडायचं. आणि उजवी बाजू की डावी, ते भिंगरीला ठरवू दे. दुखेल तरीही. पण आपलं कुणीतरी ऐकतंय एवढं तिला कळेल. तारीख मात्र चुकवायची नाही. ती हसतेय, पळतेय, गालावर लाली आहे, तरी चुकवायची नाही. बरं दिसलं की लोक थांबवतात आणि तिथंच घात होतो.

दुसरं काम तुझ्यासाठी. तुमच्या शाळेत घसा बघणारं कुणी नाही. माझ्या शाळांत प्रत्येक वर्गाचा एक घसामंत्री असतो. नाव मुलांनीच ठेवलं, निवडणूकसुद्धा घेतात. वर्गात कुणाचा घसा दुखत असेल तर मंत्र्याने मला सांगायचं. मी बॅटरी लावून बघते, ताप बघते, शंका वाटली तर कापसाचा बोळा घशातून फिरवून तपासायला पाठवते. बहुतेक घसे साधेच निघतात. जे तसे नसतात त्यांना दहा दिवसांच्या गोळ्या, अर्ध्यावर न सोडता. बास. एवढं वेळेवर झालं तर तो ताप बहुधा येतच नाही.

माझी खरी लढाई झाली ती त्या हजेरीच्या बिल्ल्याशी. बिल्ल्यापायी मुलं दुखणं लपवतात, आणि शेजारच्यालाही देतात. शेवटी मुख्याध्यापकांनी मान्य केलं की दुखऱ्या घशासाठी घरी राहिलेला दिवस हजर धरायचा. तुमच्या मुख्याध्यापिकाबाईंना हे तू पटव. त्यांच्या शाळेचे सगळे गणवेश तुझ्या हातचे आहेत, तुला दारातून परत पाठवणार नाहीत.

आईच्या रुसण्याकडे लक्ष देऊ नकोस. ती अशीच आहे.

तुझी वन्सं


११ नोव्हेंबर

वन्सं,

हसू नका, पण तुमचं काम मी टाचण्या लावून केलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी कोट शिवायला टाकला होता. माप द्यायला घरी आल्या. माप घेताना माणूस हलू शकत नाही, हात पसरून उभं राहावं लागतं. मी खांद्यापासून सुरुवात केली आणि घसा, ताप, सांधे, झडप असं करत कमरेपर्यंत आले. त्या म्हणाल्या, "बघू." मी म्हटलं, "बाई, श्वास रोखा, इथं टाचणी आहे." आणि बिल्ल्याचा विषय काढला. त्या म्हणाल्या, नियम बदलता येत नाहीत, उद्या सगळेच घसा धरून घरी बसतील. तेवढ्यात आतून भिंगरी आली. म्हणाली, "बाई, मला बिल्ला मिळाला असता. मी घसा दुखताना रोज आले होते." एवढंच बोलली. बाई हात पसरून तशाच उभ्या राहिल्या, ते खाली घ्यायचं विसरल्या.

आता दर गुरुवारी आरोग्य केंद्राची नर्स येते. दुखऱ्या घशाचा दिवस हजर धरतात. चौथीची घसामंत्री कोण, ओळखा. प्रचारात तिने भाषण केलं म्हणे, "मला मत द्या, मी कुणाला नाटकी म्हणणार नाही."

इंजेक्शनचीही काळजी सोडा. ऑक्टोबरातलं मी नेऊन दिलं, तुमच्या युक्त्यांनी रडणं निम्म्यावर आलं. या वेळी माझ्याकडे पन्नास गणवेश अडकलेले आणि हे कामावर, तर सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, "मी नेते. नात माझीही आहे." मी चाटच पडले. आणि वन्सं, दोघी परत आल्या त्या हसत! भिंगरी उड्या मारत आली, दुसऱ्या दिवशी मैदानावर धावलीसुद्धा. पुढचंही आजीच नेणार म्हणाली. म्हातारीच्या हाताला गुण आहे म्हणायचा.

तुमची भावजय


१६ नोव्हेंबर

वहिनी,

शाळेचं वाचून इतका आनंद झाला की मी तुझं पत्र इथल्या सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवलं. टाचणीपाशी सगळे हसले.

पण शेवटचा भाग मी वाचून दाखवला नाही. ते इंजेक्शन घेऊन कुणी उड्या मारत परत येत नाही. गेल्या कित्येक वर्षांत मी एकही मूल तसं पाहिलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी धावली?

भिंगरीला एकटीला विचार. आरडाओरडा करू नकोस. दिलं नसेल तर त्याच दिवशी नेऊन दे.

तुझी वन्सं


२२ नोव्हेंबर

वन्सं,

आरडाओरडा करू नकोस म्हणालात, आणि मी नेमकं तेच केलं.

पत्र वाचून सरळ बैठकीत गेले. सासूबाईंना विचारलं, इंजेक्शन दिलं का? त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "नाही दिलं."  मग माझा तोल सुटला. म्हणाले, तुमच्या लाडापायी पोरीचा जीव जाईल, दोन अश्रू बघवले नाहीत ना तुम्हाला, आधी सोंग म्हणालात आणि आता हे. जे तोंडाला आलं ते बोलले. सासूबाई, ज्या मला एका शब्दाला दोन ऐकवतात, त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

भिंगरी मधे येऊन उभी राहिली. "आजीला बोलू नकोस. आजीला जिना चढता आला नाही."

मग सगळं बाहेर आलं. इस्पितळात पहिला मजला कसाबसा झाला. दुसऱ्याच्या अर्ध्यात सासूबाई पायरीवर बसल्या. ओठ निळे पडले, छाती धडधडायला लागली, घाम सुटला. भिंगरी वर जाऊन कुणाला तरी बोलावते म्हणाली तर त्यांनी तिचा हात सोडला नाही. बऱ्याच वेळाने उठल्या, खाली उतरल्या, आणि दोघींचं ठरलं की घरी सांगायचं नाही. सासूबाईंना भीती, आपण निकामी झालो हे घरात कळेल. भिंगरीला भीती, आजीला कुणी नाटकी म्हणेल. दोघी एकमेकींना सांभाळत हसत घरी आल्या.

मी रडले, वन्सं. मशिनवर डोकं ठेवून रडले.

दुसऱ्या दिवशी दोघींना नेलं. सासूबाईंना इस्पितळातल्या माणसांनी खुर्चीत बसवून उचलून वर नेलं. "पालखीच काढा की माझी," असं म्हणत होत्या, पण आवाज फुटत नव्हता. भिंगरीचं इंजेक्शन पंधरा दिवस उशिरा झालं. डॉक्टरीणबाई मला बोलल्या आणि मी ऐकून घेतलं. तपासलं, घसा साफ, ताप नाही, झडप होती तशीच आहे. या वेळी नशिबाने वाचलो.

मग त्यांनी नळी सासूबाईंच्या छातीला लावली. पुन्हा तसाच बराच वेळ. म्हणाल्या, आजी, लहानपणी कधी सांधे दुखायचे का?

सासूबाई म्हणाल्या, "दुखायचे. आज गुडघा, उद्या कोपर. मी तिसरीत होते. वडील म्हणाले, दुखणं काही या पायातून त्या पायात उड्या मारत नाही, ही शाळा चुकवायची सोंगं. एवढीच सोंगं करायची तर घरीच काम कर म्हणाले, आणि नाव काढून टाकलं."

वन्सं, ते वाक्य शब्दन् शब्द तेच होतं. त्यांनी भिंगरीला म्हटलेलं. आणि मी समजत होते की त्या रुसल्यात.

तोच आजार आहे, तेव्हापासूनचा. झडप आकसून बोटाएवढीसुद्धा उघडत नाही. मोठ्या शहरातल्या इस्पितळात नळीतून फुगा घालून ती रुंद करता येईल म्हणतात. उशीर करू नका म्हणाल्या. तुम्ही या.

तुमची भावजय


२६ नोव्हेंबर

वहिनी,

शुक्रवारी पोचते. फुग्याचं मी इथल्या इस्पितळात बोलून ठेवलंय, आईला घेऊनच परत येईन.

तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस: जिन्यावर धाप, रात्री तीन उशा. मी वाचलं, हसले, आणि भाचीच्या घोट्याकडे वळले. हजारो मुलांचे घसे पाहिले मी. स्वतःच्या आईच्या पाठीला कधी नळी लावली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लहानपणी ती आमच्याबरोबर कधी पळाली नाही. आम्ही तिला आळशी म्हणायचो, आणि तीही हसायची.

तू तिला जे बोललीस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पोरीच्या जिवासाठी बोललीस. ते तिलाही कळलं असणार, नाहीतर तिने ऐकून घेतलं असतं होय?

मी येईपर्यंत तिला जिना चढू देऊ नका, आणि उशा काढू नका.

तुझी वन्सं


११ फेब्रुवारी

माझ्या लेकीस आशीर्वाद.

मी सांगतेय आणि भिंगरी लिहितेय. मला वाचता येतं, पण लिहायला बसले की अक्षरं तिसरीतली निघतात. (आत्या, आजी जसं सांगते तसंच मी लिहितेय. कंसातलं फक्त माझं.)

फुग्याने झडप बरी उघडलीय. गोळ्या वेळेवर घेते. आता एकच उशी लागते, उरलेल्या दोन तुझ्या वहिनीने धुऊन ठेवून दिल्या. म्हणते, आता राणीपद गेलं तुमचं. मी म्हटलं, फुगा झडपेला घातला, जिभेची धार तशीच आहे, जपून बोल. (आई हसली.) त्या दिवशी ती मला बोलली त्यावर आम्ही दोघींनी पुन्हा कधी विषय काढला नाही. तिने माझ्यासाठी नवा कोट शिवलाय. न मागता शिवलाय, म्हणजे समजायचं ते मी समजले.

इंजेक्शनाला आता मीच जाते हिच्याबरोबर. पाटी अजून आहे लिफ्टवर. तीन मजले चढते, मधे एकदा बसते. तुझ्या वहिनीने इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांचं डोकं खाऊन दुसऱ्या मजल्यावर एक बाक ठेवून घेतलाय. (त्यांचाही कोट शिवायला आला होता.) औषधाची बाटली मी मुठीत धरून कोमट करते. ही रडते, पण थोडं. बाजू तीच ठरवते. परवाच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आवाज पहिल्यापेक्षा हलका आहे.

आता जे सांगायला पत्र लिहायला घेतलं ते सांगते. गेल्या गुरुवारी शाळेत पहिलीतली एक मुलगी रडत होती. आदल्या दिवशी गुडघा धरून बसली होती, त्या दिवशी कोपर. वर्गातली मुलं म्हणाली, सोंग करते. ही मंत्रीण मधल्या सुट्टीत तिथं गेली. (मी पळत नाही गेले, चालत गेले.) तिच्याजवळ बसली आणि विचारलं, "आज कुठं दुखतंय?" मुलीने बोट दाखवलं. हिने तिला हाताला धरून नर्सबाईंकडे नेलं. आज ती मुलगी इस्पितळात आहे. झडपेला अजून काही झालेलं नाही म्हणतात.

हे हिने घरी येऊन सांगितलं तेव्हा मी खूप रडले. आनंदाने रडले आणि रागानेही. मला कुणी एकदा एवढंच विचारलं असतं तर मीही चौथीत गेले असते.

(मी आजीला म्हटलं, मग आता ये आमच्या वर्गात, माझ्या शेजारची जागा रिकामी आहे. ती म्हणाली, आधी इंजेक्शन. कोट घालून दारात उभी आहे. आम्ही निघतो.)